खाऱ्या पाण्यातील शेवाळ आणि त्याचा जमाखर्च

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. यंदा चालकांनी विषयाची मोकळीक दिली, म्हणून घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जे शेवाळ माजते त्याचा बंदोबस्त कसा करावा, हा विषय आम्ही घेतला. विषय जाहीर होताच कित्येकांना हसू आले. परंतु या सभागृहात निदान आठ-दहा मंडळी अशी आहेत की ज्यांच्या दिवाणखान्यात अशी टाकी आहे, आणि ती मंडळी हसली नाहीत हे आम्ही पाहिले.

आमच्या युनियनच्या कचेरीत गेली नऊ वर्षे चार फूट लांबीची, सुमारे २०० लिटर पाण्याची अशी एक टाकी आहे. एका सभासदाने निवृत्त होऊन गावी जाताना ती आमच्या हवाली केली. तिच्यासमोरच्या बाकावर बसले की तावातावाने आलेला माणूस निम्मा शांत होतो, हा तिचा संघटनेला झालेला मोठा उपयोग. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि त्यातले रसायनशास्त्र तर सर्वस्वी या टाकीच्या गरजेपोटी, एका सभासदाच्या मुलीची जुनी क्रमिक पुस्तके मागून आणून. तेव्हा येथे जे सांगणार ते विद्वानाचे प्रवचन नव्हे, कामकऱ्याची माहिती आहे.

या विषयात हसण्यासारखे फारसे काही नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुधा तळ्यांत पैदा केलेले असतात. समुद्रातले मात्र आजही बहुतांशी समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. माणूस हौसेने टाकी मांडतो, तीन-चार महिन्यांत काचेवर, दगडांवर, वाळूवर हिरवे रान माजते, आणि मग एक दिवस कंटाळून टाकी रिकामी केली जाते. टाकीची काच भंगारात जाते. आतल्या जिवांचे काय होते ते कोणी विचारीत नाही.

आमच्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येतो आणि म्हणतो, "भाऊ, शेवाळ मारायचे औषध सांगा." आम्ही त्याला विचारतो, "खायला काय आणि किती घालता?" तो चमकतो. शेवाळाला कोण खायला घालतो? तो घालीत असतो माशांना. सगळी ग्यानबाची मेख येथेच आहे.

परंतु त्याआधी शेवाळ म्हणजे कोण हे ओळखले पाहिजे, कारण या एका शब्दाखाली लोक चार-पाच निराळ्या कुळांचे जीव कोंबतात. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी धरते, ते डायटम. त्यांचे कवच काचेच्याच जातीच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे असते. पाण्यातली सिलिका संपत आली की बहुधा ते आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी धावाधाव करू नये. काचेवर रोज बसणारा हिरवट थर हा तर निरुपद्रवी. फडक्याने पुसावा आणि विसरावा. खरी कटकट लांब हिरव्या तंतूंच्या शेवाळाची, ज्याला दुकानदार हेअर अल्गी म्हणतात. त्याचाच एक चिवट भाऊबंद पिसासारखा दिसतो, त्याचे नाव ब्रायॉप्सिस. व्हॅलोनिया म्हणून एक हिरव्या मण्यासारखे शेवाळ येते. त्याचा प्रत्येक मणी ही एकच पेशी असते, आणि तो न फोडता अखंड उपटून काढावा. आणि वाळूवर लालजांभळी, बुळबुळीत चादर पसरते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात, ते तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांच्या करणीने. एवढ्या जुन्या घराण्याला बाटलीतल्या चार थेंबांनी हुसकून लावू म्हणणारा दुकानदार धाडसी खराच.

याउलट काही शेवाळे आपली जिवाभावाची आहेत. दगडावर गुलाबी-जांभळा, चुन्यासारखा कठीण थर चढतो तेही शेवाळच, आणि तो चढणे हे टाकी स्थिरावल्याचे लक्षण मानतात. त्याहून नवल पोवळ्यांचे. पोवळे हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शेवाळे वस्तीला असतात. ती उजेडात साखर बनवितात आणि आपल्या यजमानाला देतात. समुद्र तापला आणि ही वस्ती उठली की पोवळे पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. एवंच, शेवाळ सरसकट मारणारे औषध जर खरोखरच कोणी शोधले, तर ते ज्या पोवळ्यासाठी टाकी मांडली त्यालाच आधी उपाशी मारील.

आता हिशेबाकडे वळू. श्रोत्यांत शेतकरी कुटुंबातले पुष्कळ असतील. त्यांना नत्र आणि स्फुरद हे शब्द सांगावे लागत नाहीत. उसाला जे लागते तेच शेवाळाला लागते. शेतात आपण ते गोणीने विकत आणून टाकतो. टाकीत तेच माशांच्या खाद्याच्या डबीतून चिमटीचिमटीने पडते. मासा खाद्य खातो, थोडे अंगी लावतो, बाकीचे पाण्यात सोडतो. त्यातून अमोनिया होतो. दगडांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य, म्हणून मासे जगतात आणि मालक निश्चिंत होतो. परंतु नत्र कोठे गेले? कोठेच नाही, ते पाण्यातच आहे. स्फुरदही फॉस्फेटच्या रूपाने तेथेच आहे.

आकडे घालून पाहू. माशांच्या कोरड्या खाद्यात प्रथिने शेकडा ४५ च्या आसपास आणि स्फुरद शेकडा १ च्या आसपास असतो. प्रथिनातला सहावा हिस्सा नत्र. २०० लिटरच्या टाकीत रोज फक्त १ ग्रॅम खाद्य पडते असे धरा. १ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, लहान मुलाने उत्साहाने डबी हलविली की एवढे सहज पडते. त्यातला स्फुरद १० मिलिग्रॅम. त्याचे फॉस्फेट होते सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरला भागले तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. पोवळी पाळणारे लोक फॉस्फेट सामान्यतः ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान राखतात. म्हणजे एका दिवसाचे खाद्य एकट्याने ती मर्यादा ओलांडते! नत्राचा हिशेब असाच केला तर रोज लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडे अधिक नायट्रेट, आठवड्याला ११.

यावर सर्वांचे ठरलेले उत्तर असे की, आम्ही दर रविवारी दहावा हिस्सा पाणी बदलतो. फार चांगले करता. परंतु दहावा हिस्सा पाणी काढले की साठ्याचाही दहावाच हिस्सा निघतो. पहिल्या आठवड्यात ११ जमा झाले, १ निघाले, १० उरले. पुढच्या आठवड्यात २१ झाले, २ निघाले. असे वाढत वाढत एक वेळ अशी येते की जेवढे आठवड्यात पडते तेवढेच रविवारी निघते, आणि ती वेळ येते साठा ११० झाल्यावर. सावकाराच्या कर्जात व्याजापुरताच हप्ता भरणारा माणूस जेथे पोचतो तेच हे ठिकाण. आम्ही हा हिशेब फळ्यावर करून दाखवितो तेव्हा गिरणीत पिढ्या घालविलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना तो चटकन कळतो, इंजिनियर मुलांना जरा वेळ लागतो.

प्रत्यक्षात साठा इतका चढत नाही, कारण बाहेर जाण्याच्या आणखी वाटा असतात. सच्छिद्र दगडाच्या पोटात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे निराळे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा नत्रवायू करतात आणि तो बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवून ती चालविण्याची पद्धत जगापुढे मांडली, तिच्या यशात या जिवाणूंचा वाटा मोठा होता. दुसरी वाट फेसाच्या यंत्राची, ज्याला स्किमर म्हणतात. पाण्यात बारीक हवा घुसळली की घाण फेसाला चिकटते आणि वरच्या पेल्यात काळसर, वास मारणारा रस जमतो. घाण कुजून तिचे खत होण्याआधीच ती बाहेर जाते. हा पेला जो आठवडाभर धूत नाही त्याने स्किमर घेतलाच कशाला, असे आमच्या मनात येते.

आणि तिसरी वाट खुद्द शेवाळाची. मौज अशी की शेवाळ हेच खत शोषण्याचे उत्तम साधन आहे. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास याच तत्त्वावर पोवळ्यांची मोठी टाकी चालविली. मुख्य टाकीबाहेर एका जाळीवर उजेड सोडून मुद्दाम शेवाळ वाढवायचे आणि ठरलेल्या दिवशी ते खरवडून फेकायचे. आज घरगुती टाकीतही खालच्या पेटीत वेगळा दिवा लावून किटोमॉर्फा नावाचे दोऱ्याच्या गुंत्यासारखे शेवाळ वाढवितात. तेच काम हाताने शेवाळ उपटूनही होते. पाणी निथळलेले १०० ग्रॅम शेवाळ सुकल्यावर १० ग्रॅम भरते, आणि त्यात नत्र ढोबळमानाने २०० मिलिग्रॅम, म्हणजे वर धरलेल्या खाद्याचे जवळजवळ तीन दिवसांचे नत्र. बादलीत हात घालून मूठभर शेवाळ बाहेर टाकणे हे काम कोणाला कमीपणाचे वाटत असेल, परंतु कोणत्याही बाटलीपेक्षा ते अधिक फळ देते. उपटताना मात्र नळीने पाणी बाहेर ओढत उपटावे, नाहीतर तुटलेले तंतू सर्वत्र पसरून नवी वस्ती करतात.

खर्चाची बाजू पाहिली, तरी जमेत खाद्याखेरीज एक लपलेली रक्कम राहते, ती पाण्याची. उन्हाळ्यात २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडते. उडते ते फक्त पाणी; मीठ आणि खत मागेच राहते. त्या जागी नळाचे वा विहिरीचे पाणी ओतले तर त्याच्याबरोबर जे येईल ते कायमचे आत. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. माणसाच्या पोटाला ते चालत असेल. पण महिन्याला असे ७५ लिटर पाणी टाकीत गेले तर एकट्या त्यानेच लिटरमागे १७ मिलिग्रॅमची भर पडते. यास्तव आरओचे पाणी वापरावे हे खरे, परंतु घरातल्या आरओ यंत्रांपैकी पुष्कळांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. पाण्यातील क्षार मोजणारी पेनासारखी वस्तू दुकानात मिळते. ती शून्य दाखवीपर्यंत पाणी टाकीयोग्य समजू नये. त्यासाठी आरओच्या पुढे क्षार शोषणाऱ्या दाण्यांची एक नळी जोडावी लागते. मुंबईकर विचारतात, समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यावे? शहराच्या किनाऱ्याचे पाणी शहराचे सांडपाणी घेऊन येते, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही ढळतो, हे त्याचे उत्तर. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहून आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांनी समुद्रातले मासे प्रथम पाहिले. त्याच्यामागे एका खात्याची माणसे आणि यंत्रे होती. घरी ते खाते म्हणजे आपण एकटेच.

माणसांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला आणली आणि घरात वाढविली. समुद्रजीव घरात टिकविण्याच्या आरंभीच्या प्रयोगांत हा गणला जातो. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतावे लागे. ते काम बाईंच्या घरातली मोलकरीण करी. बाईंचे नाव पुस्तकांत आहे, मोलकरणीचे आम्हाला कोठे सापडले नाही. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती सोडून पाहिल्या. म्हणजे आज ज्या हिरवाईला आपण शिव्या देतो, तिला त्या काळी मुद्दाम बोलावून आणले होते.

आता ज्या चकव्याने चांगली चांगली माणसे फसतात तो सांगतो. घरी पाणी तपासण्याची पेटी आणतात, नायट्रेट पाहतात, शून्य! फॉस्फेट पाहतात, शून्य! आणि टाकीत वीतभर शेवाळ. मग म्हणतात, तुमचा सिद्धांत खोटा. अहो, पाण्यात खत उरलेच नाही, कारण पडता क्षणीच ते शेवाळाने उचलले. कारखान्याच्या ताळेबंदात नफा दिसत नाही म्हणून नफा झालाच नाही असे मानणारा युनियनवाला आम्ही अजून पाहिलेला नाही. तो विचारतो, पैसा गेला कोणाकडे? तसेच येथे विचारावे. शेवाळाचा ढीग हाच मुळी तुमचा नायट्रेटचा आकडा आहे. याच्या उलट प्रकार दगडाचा. दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातले कमी झाले की हळूहळू सोडतो. त्यामुळे खाद्य कमी करूनही कित्येक आठवडे आकडा उतरत नाही आणि माणूस धीर सोडतो. ती मागची थकबाकी वसूल होत असते.

उजेडाबद्दल थोडक्यात. दिवा रोज आठ-नऊ तास पुरे. त्याला घड्याळाचे बटण लावावे, आणि टाकीवर खिडकीचे ऊन पडू देऊ नये. उजेड कमी केल्याने शेवाळाची वाढ मंदावते, खत जात नाही. लाल चादरीवर तीन दिवस संपूर्ण अंधार हा उपाय करतात आणि ती नाहीशीही होते. परंतु ज्या कोपऱ्यात पाणी हलत नव्हते आणि कचरा साठत होता तो तसाच राहिला, तर चादर परत येते. तिच्या काही जाती तर पाण्यात विरघळलेल्या हवेतलेच नत्र पकडतात, तेव्हा नायट्रेट बंद करून तिला उपाशी मारू म्हणणेही फुकट.

शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांकडे येऊ. टर्बो, ट्रोकस वगैरे शंखातल्या गोगलगाई, शंखात बिऱ्हाड करणारे बारके खेकडे, काटेरी गोळ्यासारखे सी अर्चिन, आणि मोठ्या टाकीत सर्जनफिश. पिवळा सर्जनफिश सर्वांना हवा असतो. तो वीतभर वाढतो आणि दिवसभर पोहत चरणारा मासा आहे. त्याला चार फुटी टाकीत कोंडणे आम्हाला पटत नाही. या सर्व चरणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली अशी की गोगलगाईने शेवाळ खाल्ले म्हणजे ते टाकीबाहेर गेले असे नव्हे. तिच्या विष्ठेतून नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात येतात, हिशेबाच्या वहीत एका पानावरून दुसऱ्या पानावर रक्कम जाते इतकेच. दुसरी अशी की तरीही चरणाऱ्यांवाचून भागत नाही, आणि हे जगाला कळले ते जमैकाच्या समुद्रात.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट. त्याच्या भोवतीच्या पोवळ्यांच्या रांगांवर पिढ्यान्‌पिढ्या पिंजरे लावून मासेमारी चाले, आणि शेवाळ खाणारे मासे पूर्वीच फार कमी झाले होते. तरी शेवाळ माजत नव्हते, कारण डायाडेमा नावाचे लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन तेथे विपुल होते आणि माशांचे काम ते एकटे उरकीत. १९८० मध्ये ॲलन नावाच्या वादळाने पोवळी मोडली. मग जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याशी डायाडेमा मरू लागले, आणि साधारण वर्षभरात साथ बहुतेक सगळ्या कॅरिबियनभर फिरली. ज्या ठिकाणी मोजदाद झाली तेथे शंभरातले नव्वदाहून अधिक मेले. पुढचे चित्र टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या त्या तळावर निम्म्याहून अधिक जागा जिवंत पोवळ्यांनी व्यापलेली होती आणि मोठे शेवाळ शेकडा ४ होते. १९९० नंतर पोवळी शेकडा ५ च्याही खाली आली आणि शेवाळ ९२ वर गेले.

यावर शास्त्रज्ञांत वाद झाला. ब्रायन लापॉइंट यांचे म्हणणे असे की चरणारे गेले हे एकच कारण नव्हे, जमिनीवरून समुद्रात उतरणारे नत्र-स्फुरदही जबाबदार आहे. आम्ही त्या वादात न्यायाधीश होण्यास लायक नाही, पण ऐंशी गॅलनच्या टाकीवर असोत की बेटाच्या किनाऱ्यावर, दोन्ही बाजू एकाच वहीच्या आहेत असे आम्हास दिसते: किती आत आले आणि किती खाऊन ताब्यात ठेवले गेले. कोणी सगळा दोष पिंजरे लावणाऱ्या कोळ्याच्या माथी मारतो. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न नाही तो पिंजरा लावणार नाही तर काय करील, हेही त्या वहीत कोठेतरी मांडले पाहिजे. १९८३ च्या साथीचे कारण निश्चित झाले नाही. २०२२ मध्ये तशीच साथ पुन्हा आली, तेव्हा एक सूक्ष्म एकपेशीय जीव तिच्या मुळाशी असल्याचे दुसऱ्या वर्षी सिद्ध झाले.

औषधांविषयी आमचे मत आता श्रोत्यांनी ताडलेच असेल. तांब्याची संयुगे शेवाळ मारतात. ती गोगलगाई, झिंगे आणि पोवळीही मारतात, आणि दगडात मुरून राहतात. पोवळ्याच्या टाकीत ती कदापि घालू नयेत. लाल चादरीसाठी माणसाच्या रोगांवरील जंतुनाशके टाकीत ओततात. त्याने चादर जाते, परंतु उपयोगी जिवाणूही दगावू शकतात, आणि ते पाणी अखेर गटारात जाऊन रोगजंतूंना त्याच औषधाची सवय लावते. घरातली शोभा राखण्यासाठी दवाखान्यातले हत्यार बोथट करणे हा व्यवहार आम्हाला पसंत नाही. शिवाय कोणत्याही विषाने पुष्कळ शेवाळ एकदम मेले तर ते तेथेच कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि त्यातले सगळे खत परत पाण्यात. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात ते यामुळे.

इतके ऐकून उत्साही माणूस दुसऱ्या टोकाला जातो. खाद्य जवळजवळ बंद, फॉस्फेट शोषणारे लोहाचे तपकिरी दाणे दुप्पट, पाणी अगदी निष्कलंक. काही दिवसांनी वाळूवर आणि दगडावर बुडबुड्यांनी भरलेले तपकिरी शेंबडासारखे तंतू दिसू लागतात. रात्री ओसरतात, दुपारी परत. हे डायनोफ्लॅजेलेट. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या टाक्यांत ते वारंवार माजतात, कारण त्यांना आवरणारे बाकीचे सामान्य जीव उपाशी मेलेले असतात. त्यांच्या काही जाती विषारी असतात. त्या खाऊन गोगलगाई मरतात. आणि पोवळ्याच्या अंगात राहून त्याला साखर देणारे ते शेवाळही याच डायनोफ्लॅजेलेटांच्या कुळातले! उपाय असा की खत थोडे वाढवावे लागते. नायट्रेट लिटरमागे ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, इतके असू द्यावे. टाकीची उपासमार करून शिस्त लावता येत नाही, हे आम्ही व्यवस्थापनाशी वाटाघाटी करताना उदाहरण म्हणून एकदा वापरले होते. समोरचे गृहस्थ हसले, पण मुद्दा त्यांनी लिहून घेतला.

तेव्हा शेवाळाने भरलेली टाकी समोर असेल तर आम्ही काय करतो ते सांगतो. पहिल्याच दिवशी खाद्य निम्मे करतो. मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेच, आणि घालणारा माणूस एकच ठरवितो. पाण्याचा क्षार मोजतो. मग आठवड्यातून दोनदा हाताने शेवाळ काढतो, त्याच वेळी नळीने तळाचा कचरा ओढतो आणि २० लिटर पाणी बदलतो. त्याला सुमारे ७०० ग्रॅम मीठ लागते, तेवढे आधीच तोलून ठेवावे. फार माजलेला दगड बाहेर काढून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दात घासण्याच्या ब्रशने घासतो. शेवाळ आखूड झाल्यावर मग गोगलगाई आणतो. वीतभर लांब तंतू त्या खात नाहीत, कोवळे खातात. लोहाचे दाणे घालायचे तर सांगितल्याच्या चौथाई मात्रेने सुरुवात. आठ ते दहा आठवडे लागतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काहीच फरक दिसत नाही, आणि बाटली विकत घेण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो.

नवा दगड किंवा पोवळ्याचा तुकडा आणताना त्यावर पिसासारखे वा मण्यासारखे काही आहे का, ते भिंग लावून पाहावे आणि तो काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. येथे कायद्याचेही सांगणे आवश्यक आहे. आपल्या समुद्रातली दगडी पोवळी २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत. मालवणच्या खडकांवरून असा तुकडा कोणी आणून देत असेल तर तो गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो बहुधा आणणारा गरीब माणूस, मागणारा हौशी नव्हे.

शेवाळ गेल्यावर एक काम उरते ते पुष्कळजण विसरतात. टाकी स्वच्छ झाली की गोगलगाईंना खायला राहत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या एकामागून एक मरतात. त्यांच्यासाठी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागदासारखे पातळ ताव मिळतात, त्यातला बोटभर तुकडा चिमट्याने काचेला लावून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी उरलेला काढून घ्यावा. होय, शेवाळ घालवून शेवाळच विकत आणायचे. वहीत तो तुकडाही जमेच्याच बाजूला लिहावा.